खकाणा

आमच्या तबेल्याच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर घोड्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने: ताप, खोकला, खाणं, लीद. सकाळी आणि संध्याकाळी ते भरायचे, हा नियम मीच घातला. स्पर्धेसाठी आमच्या घोड्यांचा विचार होणार असं कळलं, त्या दिवसापासून तो एकदाही मोडला नाही. रेवडी नावाची आमची घोडी एका सकाळी दोनदा खोकली, तर तेवढ्यावरून मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं. त्या सकाळी मी स्वतः किती वेळा खोकलो, ते मला सांगता येणार नाही. माणसांचा खोकला कुणी लिहून ठेवत नव्हतं.

जे लोक जनावरांत, गवतात, धान्याच्या पोत्यांत काम करतात आणि ज्यांना आपला खोकला कामाचाच भाग वाटतो, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी फक्त काय झालं ते सांगतो. माझं आणि आमच्या घोड्यांची निगा राखणारे सईस, हमीदचाचा, यांचं.

चिठ्ठीतली घोडी

माझं शिक्षण करमाडच्या शाळेत झालं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि त्यात माझ्यापेक्षा माझ्या आईचा आणि दोन शिक्षकांचा वाटा जास्त आहे. कॉलेजात असताना एनसीसीच्या एका शिबिरात पहिल्यांदा घोड्यावर बसलो. पहिल्या दिवशी पडलो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर जाऊन उभा राहिलो. पुढे तेच काम झालं. गेली चौदा वर्षं मी छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर, जालना रोडवरून आत वळल्यावर, घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका संस्थेत प्रशिक्षक आहे. ‘होतो’ म्हणायला हवं. अजून ते तोंडात बसत नाही.

आमचा खेळ टेंट पेगिंगचा. जमिनीत वितीएवढी लाकडी खुंटी रोवलेली असते. घोडा भरधाव सोडायचा आणि भाल्याच्या टोकानं ती खुंटी उचलून न्यायची. सहा-सात सेकंदांत सगळं संपतं. हमीदचाचा त्याला नेजाबाजीच म्हणायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये आपल्या देशात, उत्तरेकडे, मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. या खेळात बाहेरचे स्वार आपले घोडे घेऊन येत नाहीत. घोडे यजमान देशानं द्यायचे, आणि कुणाला कोणता घोडा हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. म्हणजे वर्षभर तुम्ही जी घोडी तयार करता, तिच्यावर ऐनवेळी परका माणूस बसतो आणि तुमचा स्वार अनोळखी घोड्यावर. त्यामुळे तयारीही तशीच करावी लागते. घोड्याला कुणाचाही हात चालला पाहिजे आणि स्वाराला कोणताही घोडा.

आमची स्वार शीतल. गुलमंडीत वडिलांचं कापडाचं दुकान, पोरगी मात्र दुकानात कमी आणि मैदानावर जास्त. ती महिला संघाच्या निवडीत शेवटच्या टप्प्यावर होती. मी तिला एका घोड्यावर सलग दोन दिवस बसू देत नसे. ती वैतागायची. “सर, तुम्ही मला रोज नवीन सासर दाखवता,” म्हणायची.

आणि हमीदचाचा. वय साठीच्या पुढे, चाळीस वर्षांची सईसगिरी. अंगानं काटकुळे, पण बिथरलेल्या घोड्याच्या मानेवर नुसता तळहात ठेवला की घोडा शांत व्हायचा. घोड्यांची नावं तेच ठेवायचे. रेवडी पांढरी होती, अंगभर तांबूस बारीक ठिपके, तीळ लावल्यासारखे. म्हणून रेवडी. मला ते मास्टर म्हणत. खोकत तर ते नेहमीच असत. सगळे सईस खोकतात. आम्ही त्याला तबेल्याचा खोकला म्हणायचो, जसं काही ते एखाद्या गावाचं नाव आहे आणि तिथले लोक असेच असतात.

दार लावून

मार्चमध्ये तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. वर्षाचं वाळलं गवत नुकतंच भरलं होतं. पेंढ्यांवर ताडपत्री होती, पण पाणी खालून गेलं. वरून गवत वाळलं, आत बुरशी धरली. आम्हाला वास यायला हवा होता. आलाही असेल. वर्षभराचं गवत टाकून देण्याची हिंमत कुणाची झाली नाही.

एप्रिलमध्ये रेवडी खोकली. खोकणारी घोडी स्पर्धेच्या तपासणीत पहिल्या फेरीत बाहेर पडते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गवत पाण्यात बुडवून, निथळून द्या. पण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकर एक दिवसाआड यायचा. घोड्यांना प्यायला आणि मैदानावर मारायला तेवढं पाणी पुरायचं, गवत भिजवायला नाही.

मग मी तोडगा काढला. भिजवायचं नाही, झटकायचं. प्रत्येक पेंढी सोडून तीनदा झटकायची आणि मगच घोड्यापुढे टाकायची. आणि झटकायची ती गवताच्या खोलीत, दार लावून, म्हणजे उडालेलं घोड्यांपर्यंत जाणार नाही.

दार लावून. हे दोन शब्द नंतर मी फार वेळा स्वतःशी म्हटले आहेत.

रोज सकाळी मी आणि हमीदचाचा दोघं मिळून झटकायचो. प्रशिक्षकानं गवताला हात लावायची रीत नव्हती, पण मला त्याचा अभिमान वाटायचा. आपण शिकलो म्हणून काम कमी प्रतीचं झालं नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खोलीतून बाहेर यायचो तेव्हा दोघांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. शीतल हसायची.

रेवडीचा खोकला थांबला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. पावसाळा आला, टाक्या भरल्या, तरी भिजवण्याचं नाव कुणी काढलं नाही. घोडी बरी होती. दुसरं कोण आजारी पडू शकतं, हा विचारच आमच्या कामात नव्हता.

ऑगस्टमध्ये चाचांनी एक नवीन सुरू केलं. मी गवताच्या खोलीत शिरलो की ते दारात आडवे व्हायचे. “मास्टर, तुम बाहर ठहरो. तुमारे से मेरे हात की लय बिगडती.” मला ते लागलं. वाटलं, म्हाताऱ्याला आपलं राज्य वाटून घ्यायचं नाही. की आपण कितीही केलं तरी यांच्या लेखी साहेबच? मी हट्टानं आत जात राहिलो. कधी ते माझ्या हातातली पेंढी काढून घेत, कधी माझ्या आधी येऊन सगळं उरकून टाकत. आमच्यात थोडा अबोलाही आला.

घरी ठेवलेले शब्द

ऑगस्टच्या शेवटी मला ताप येऊ लागला. दुपारनंतर थंडी वाजायची, अंग ठणकायचं, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. सकाळी उतरलेला असायचा आणि मी कामावर हजर. वजन उतरलं. पँटच्या पट्ट्याला मी खिळ्यानं नवीन भोक पाडत होतो, तर चाचा म्हणाले, “जीन कस रहे क्या, मास्टर?”

आधी साध्या गोळ्या झाल्या. मग एका डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून क्षयाची शंका धरली. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण लक्षणं तीच होती. त्यांनी मला नीट विचारलंही होतं: धुळीत काम असतं का?

मी म्हणालो, नाही.

हे मी खोटं बोललो नाही. आमच्या मैदानावर रोज पाणी मारलेलं असायचं, तबेला घासूनपुसून ठेवलेला. माझ्या दृष्टीनं धूळ म्हणजे रस्त्याची, मैदानाची. वाळल्या गवतातून, कडब्यातून, मळणीतून जे बारीक उडतं आणि घशात बसतं, त्याला आमच्याकडे धूळ म्हणत नाहीत. त्याला वेगळा शब्द आहे. तो डॉक्टरांसमोर उच्चारायचा असतो, हे मला सुचलंच नाही. शहरात शिकायला आल्यापासून असे बरेच शब्द मी घरी ठेवून यायला शिकलो होतो.

क्षयाची औषधं सुरू झाली. गारखेड्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझं ताट वेगळं झालं, मुलगी आतल्या खोलीत झोपू लागली. अनिता, माझी पत्नी, शाळेत शिकवते. तिनं तिथं कुणाला सांगितलं नाही. ती घाबरली होती आणि घाबरली की ती फार व्यवस्थित वागते. माझे कपडे गरम पाण्यातून काढायची, गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर मांडायची. मला आवडायचं नाही, पण ऐकून घ्यायचो.

दिवाळीत आठ दिवस गावी आईकडे गेलो. ताप नाही. खोकला निम्मा. भाकरी गोड लागायला लागली. औषधं लागू पडली म्हणून सगळे खूश. परत आलो, दोन दिवस गवत झटकलं, आणि ताप परत आला. औषध तेच, माणूस तोच. बदलली होती ती फक्त जागा. माझ्या पदवीनं एवढं तरी मला दाखवायला हवं होतं.

त्या दिवशी

डिसेंबरच्या सुरुवातीला मैदानावर शीतलला सूचना देत होतो. घोडा सुटला की मी मोठ्यानं ताल मोजतो. त्या सकाळी ‘तीन’ म्हणायला छातीत हवाच उरली नाही. कठड्याला धरून उभा राहिलो. शीतलनं भाला टाकला आणि घोड्यावरून उडी मारून आली. माझी नखं निळी दिसत होती म्हणे.

शहरातल्या एका रुग्णालयात दाखल झालो. ऑक्सिजन लागला. निरोप मिळताच आई एसटीनं आली. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसेना, खाली फरशीवर बसली. छातीचे डॉक्टर आले, मधल्या वयाचे, शांत. त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं. पुन्हा तोच प्रश्न आला, धुळीत काम असतं का. पुन्हा मी मान हलवली.

आई खालून म्हणाली, “नाय कसं? साहेब, ह्यो दिसभर खकाण्यात असतो.”

मला लाज वाटली. तिला गप्प बसवायला मी हात केला. पण डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

“कसला खकाणा, आजी?”

“गवताचा. घोड्यास्नी झटकून देतेत की तिथं. माझ्या दिराला बी असंच व्हायचं. मळणी आली की ताप, मळणी सरली की बरा. लई वर्सं काढली त्यानं तशी.”

डॉक्टर माझ्या पलंगावर बसले. तेही जालन्याकडच्या एका खेड्यातले निघाले. मग त्यांनी जे विचारलं ते एकाही पुस्तकातलं वाटत नव्हतं. गवत कधी झटकता, दार उघडं असतं का, वास कसा येतो, किती तासांनी थंडी वाजते, गावी गेल्यावर काय झालं. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता मला माझंच ऐकू येऊ लागलं.

मग तपासण्या झाल्या. घशातून नळी घातली, यंत्रात झोपवलं. चौथ्या दिवशी ते आले. म्हणाले, हा क्षय नाही. बुरशीचा खकाणा सतत आत गेला की काही जणांची फुप्फुसं चिडतात, आणि फार दिवस चिडली की कडक होतात. तुमचा काही भाग कडक झाला आहे, तो परत मऊ होणार नाही. उरलेला वाचवता येईल.

क्षय नाही, एवढंच अनिताला ऐकू आलं. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि रडली. मी हसलो. मग डॉक्टर म्हणाले, “घोडे सोडावे लागतील.”

“किती दिवस?”

“दिवस म्हणालो नाही मी.”

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. आपण तोंड उघडलं म्हणून पोराचं काम गेलं, असं तिच्या मनानं घेतलं. मी तिला किती वेळा सांगितलं की तुझ्या एका शब्दानं मी वाचलो. ती मान हलवते. पण ते अजून तिच्या मनातून गेलेलं नाही.

वॉर्डातले दिवस

वॉर्डाचा दिवस तबेल्यासारखाच असतो. पहाटे साफसफाई, मग ताप बघणं, मग खाणं, मग डॉक्टरांची फेरी. मला त्याची सवय होती, फक्त मी दाव्याच्या दुसऱ्या बाजूला आलो होतो. सिस्टर काखेत थर्मामीटर लावायची तेव्हा मला रेवडीची आठवण यायची. ताप बघताना ती कशी अंग चोरायची ते मला आता समजत होतं.

नळीत फुंकायची एक तपासणी असते. “फुंका, फुंका, अजून, अजून,” असं सिस्टर अगदी माझ्याच आवाजात ओरडायची. सहा मिनिटं चालायची दुसरी. व्हरांड्याच्या दोन टोकांना खुर्च्या ठेवलेल्या. आमच्या मैदानावर तेवढं अंतर घोडा डोळ्याचं पातं लवेपर्यंत कापतो. मला मध्ये दोनदा भिंत धरावी लागली.

औषधानं भूक वाढली, तोंड सुजलं, विनाकारण रडू यायचं. शीतल बघायला आली तर म्हणाली, “सर, आता कुठं तुम्ही खात्यापित्या घरचे दिसायला लागलात.” मग तिनं खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला खिडकीजवळचा पलंग मिळवून दिला. एका दुपारी रस्त्यावरून वरात चालली होती. नवरदेवाची घोडी पुढच्या उजव्या पायावर जरा चोरून चालत होती. मी मावशींना म्हटलं, तिचा नाल सैल आहे, कुणीतरी सांगा हो त्यांना. मावशी खरोखर जिना उतरून गेल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, “सांगितलं. नवरदेवालाच सांगितलं, दुसरं कुणी ऐकंना.” त्या आजारपणात मी मनापासून हसलो असेन तर त्या दिवशी.

हमीदचाचा आले ते ईदचे कपडे घालून. आधी ओळखलंच नाही. दोनदा साबण लावून अंघोळ केली, अंगावर तबेल्याचं काही नाही, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. तरी ते जवळ बसले नाहीत. दाराशी स्टूल ओढून बसले आणि रुमालात खोकले. मी त्यांना सगळं सांगितलं. संस्थेला फोन करून गवत भिजवायला लावलं आहे हे सांगितलं. आणि म्हटलं, चाचा, तुम्हीही फोटो काढून घ्या. मी डॉक्टरांशी बोलतो.

“नक्को, मास्टर,” ते म्हणाले. “चालीस साल से ये घास मेरेकू पहचानती.”

मी रागावलो. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “पहले मुकाबला होने दो. अब्बी मैं भी पलंग पे पड्या तो रेवडीकू कौन देखेगा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. दुसरा सईस ठेवता आला असता, संस्थेला सांगता आलं असतं. मी ते दिलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मी नाही तर निदान चाचा तिच्यापाशी असावेत. त्या क्षणी मला त्यांच्या छातीपेक्षा रेवडीची काळजी जास्त होती. हे लिहायला मला फार दिवस लागले.

दहा मिनिटं

घरी आलो. अनितानं माझे बूट, टोपी, जुने कपडे सगळं घराबाहेर काढलं होतं. शीतल रोज सकाळी सरावाची चित्रफीत पाठवायची. मी डोळे मिटून फक्त टापांचा आवाज ऐकायचो आणि तिला फोन करायचो: शेवटच्या वीस पावलांत तू घोडा धरून ठेवतेस, सोड त्याला. श्वासाअभावी वाक्य तुटायचं. ती थांबायची. अनिता स्वयंपाकघरातून म्हणायची, “फुप्फुसं इथं, जीव तिथं.”

जानेवारीत एका दुपारी ती शाळेत असताना मी रिक्षा केली आणि तबेल्यात गेलो. मला वाटलं, दहा मिनिटांनी काय होतंय. चाचा घोडे फिरवायला गेले होते. रेवडी ठाणावर होती. मी आत शिरून तिच्या मानेत तोंड खुपसलं. तिनं माझा खांदा हुंगला, जाकिटाचा खिसा हुंगला, गूळ नाही हे कळल्यावर तोंड फिरवलं. एवढंच. दहा मिनिटंही नव्हती.

संध्याकाळी मी परत त्याच रुग्णालयात, त्याच ऑक्सिजनवर होतो.

अनिता दोन दिवस शाळा, घर आणि रुग्णालय करत राहिली. तिसऱ्या दिवशी माझी नखं कापता कापता म्हणाली, “तुम्हाला मरायचंच असेल तर मला आधी सांगा. मी पोरीला काय सांगायचं ते ठरवून ठेवते.” आवाज चढवला नाही. त्या दिवशी मी घोडे सोडले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नव्हते सोडले.

आपलीच घोडी

शीतल संघात निवडली गेली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी घोडे ट्रकनं निघाले. दोन दिवसांचा प्रवास. चाचा रेवडीबरोबर मागेच बसले, भिजवलेल्या गवताची पोती घेऊन. तपासणीत आमचे पाचही घोडे पास झाले. रेवडीची छाती ऐकून तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे, अगदी स्वच्छ. शीतलनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑक्सिजनची नळी लावून बसलो होतो.

चिठ्ठ्या निघाल्या. रेवडी एका परदेशी संघातल्या मुलीला मिळाली. शीतलला एक उंच, हट्टी, काळा घोडा. मी घरी फोनच्या पडद्यावर बघत होतो. शीतलनं त्याला छान सोडला. पण निर्णायक फेरीत भाला खुंटीला लागला आणि खुंटी उचललीच गेली नाही. पुढच्या पाळीला रेवडी आली. ती परकी मुलगी तिच्यावर इतकी हलकी बसली होती की मला एकीकडे हेवा वाटला आणि दुसरीकडे समाधान. खुंटी अलगद वर आली. आमचा संघ हरला तो तिथं.

शीतलचा फोन आला. “सर, आपल्याच घोडीनं हरवलं मला.” मग चाचांनी फोन घेतला. ते रडत होते की खोकत होते, कळत नव्हतं. “अपनी रेवडी, मास्टर. किसी की बी हुई, पर अपनी रेवडी.”

परत आल्यावर चाचांना मी धरूनच दवाखान्यात नेलं. फार उशीर झाला होता. माझ्या डॉक्टरांनी त्यांचा फोटो दिव्यावर लावला आणि लगेच खाली काढला. फुप्फुसात मऊ असं फारसं उरलं नव्हतं. दोन महिने गेले. मी मास्क लावून त्यांच्याजवळ बसायचो. शेवटी शेवटी बोलायला हवा पुरायची नाही. एका सकाळी त्यांनी बोटानं खूण करून मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “भिगोते ना?” मी म्हटलं, हौ चाचा, रोज भिजवतात. त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी ते गेले.

तबेल्यामागची त्यांची खोली रिकामी करायला भाचा आला. पत्र्याची पेटी त्यानं बाहेर अंगणात आणून माझ्यापुढे उघडली, कारण मला आत जायला बंदी होती. ईदचे कपडे, घोडे घासायचा एक झिजलेला खरारा, रेवडीच्या पहिल्या नालाचा तुकडा. तळाशी एक मोठं पिवळं पाकीट. त्यात छातीचा फोटो होता, चाचांचा, आणि दवाखान्याचा कागद. कागदावर लिहिलं होतं: गवत व धूळ टाळणे, तबेल्याचं काम बंद करणे.

तारीख जुलैची होती. माझा पहिला ताप येण्याच्या महिनाभर आधीची.

त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुणीतरी सांगितलं असणारच. त्यांना माहीत होतं. ते मला सांगू शकत नव्हते, कारण मी त्यांना त्याच दिवशी घोड्यांपासून दूर केलं असतं. म्हणून ते ऑगस्टपासून दारात आडवे होत होते. तुम बाहर ठहरो, मेरे हात की लय बिगडती. मी मात्र तो अपमान समजून, शिकलेल्या माणसाच्या हट्टानं, आत जात राहिलो. झटकायचा हुकूम माझा होता. दार लावण्याचाही.

फळा

आता मी संस्थेच्या कार्यालयात, शहरात, कागदांचं काम करतो. त्यांनी ते दिलं याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. रविवारी कधी मैदानाच्या टोकाला जातो. वारा माझ्याकडून घोड्यांकडे वाहत असला तरच. शीतल रेवडीला आधी अंघोळ घालते आणि ओल्या अंगानं लांबवर उभी करते. आम्ही एकमेकांकडे बघतो. मग मी घरी येतो.

तबेल्यात आता गवत भिजवायचा हौद आहे. उन्हाळ्यात टँकर आला की आधी हौद भरतात, मग मैदान. तुमच्याकडे असा हौद नसेल, तर निदान दार उघडं ठेवा, तोंडाला फडकं बांधा. आणि डॉक्टरांनी धुळीचं विचारलं तर तुमच्या घरातला शब्द सांगा, कितीही गावठी वाटला तरी. खकाणा, भुसा, फोलपट, जे म्हणत असाल ते.

फळ्यावर घोड्यांच्या नावांखाली आता माणसांची नावं आहेत. त्यांच्यापुढे दोनच रकाने: ताप, खोकला. शीतल रोज सकाळी विचारून भरते आणि मला फोटो पाठवते. सगळ्यात खाली हमीदचाचांचं नाव आहे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, हे लिहू की नको. मी म्हटलं, लिही.

त्यांच्यापुढचे दोन्ही रकाने रोज कोरे असतात. फोटो आला की मी वाचायला तिथून सुरुवात करतो.